लाकडाच्या खांद्यावर

चित्र होडीतून आलं तेव्हा माख्टेल्ड ताकाच्या पिंपांपाशी उभी होती. कापड पांढरं व्हायला ताक आंबट लागतं, पण किती आंबट, हे कापड धुऊन उन्हात पसरायच्या ब्लूमेंदालच्या कुरणांवर तिच्या जिभेइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नसे. तिने बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, "उद्यापर्यंत राहू दे," असं गड्याला सांगितलं आणि कमरेच्या फडक्याला हात पुसत ती कालव्याकडे निघाली.

तिचा नवरा येलिस हिवाळ्यात वारला. त्याने सांगून ठेवलेलं चित्र कुरणांवर पहिलं कापड पसरलं त्या आठवड्यात घरी आलं. नवरा नाही आणि त्याचं चित्र येतंय, याचं तिला रडू येईल असं सुनेला वाटलं होतं. लिसबेत रुमाल घेऊन मागे मागे चालत होती. माख्टेल्डला रडू येत नव्हतं. तिने त्या दिवसासाठी काही ठरवून ठेवलं होतं, आणि ठरवलेलं काम समोर असलं की तिचे डोळे कोरडेच राहत.

"हळू! अहो, हळू!" चित्रकार हिलेब्रांट होडीत उभा राहून ओरडत होता. "दाराची चौकट नाहीये ती, चित्र आहे! बाई, तुमच्या माणसांना सांगा, कोपऱ्याला धरा म्हणावं."

"माझी माणसं ओल्या कापडाचे गठ्ठे उचलतात, हिलेब्रांट. तुमच्या चित्राने त्यांची कंबर मोडायची नाही."

"कमरेची कुणाला काळजी आहे!"

मोठ्या खोलीत उत्तरेच्या खिडकीसमोर चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. हिलेब्रांटने गुंडाळलेलं फडकं काढलं.

त्या काळी हार्लेममध्ये बऱ्यापैकी सुस्थितीतली माणसं स्वतःला पवित्र पुस्तकातली माणसं करून रंगवून घेत. कालव्यापलीकडचा धान्यवाला अब्राहाम झाला होता आणि त्याची बायको सारा. चित्रातली सारा हसतेय, घरातली कधी हसलेली पाहिली नाही, असं शेजारी म्हणत. येलिसने येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला निवडला होता: धाकटा मुलगा घर सोडून पैसा उधळतो आणि परततो, बाप त्याला जवळ घेऊन मेजवानी देतो, आणि थोरला रुसून बाहेर राहतो. चित्रात घराचं दार होतं, मागे वाळूच्या टेकड्या, वर त्यांच्याच गावचं ढगाळ आभाळ. मध्ये म्हातारा बाप पुढे वाकलेला, दाढी वाऱ्याने एका बाजूला गेलेली. तो येलिस होता. डाव्या भुवईतला खाचेचा व्रणसुद्धा होता. हात पुढे पसरून त्याने कुणाला तरी जवळ घेतलं होतं.

पण कुणाला, ते कळत नव्हतं. त्या हातांच्या मध्ये नुसता तपकिरी रंग होता. एक वाकलेली पाठ, दोन खांदे, खडूने आखल्यासारखे. डोकंच नव्हतं.

"मुलगा राहिलाय," हिलेब्रांट घसा खाकरत म्हणाला. "येलिसनेच सांगितलं होतं. बाकी सगळं पुरं कर, मुलगा शेवटी. कोण बसेल ते मी सांगेन म्हणाला. आणि मग तो आजारी पडला."

"आणि हे कोण?" बारेंट म्हणाला.

माख्टेल्डच्या थोरल्याचा आवाज बारीक झाला की ती लगेच मान वर करत असे. चित्रातल्या दाराशी, चौकटीला टेकून, हाताची घडी घालून एक माणूस उभा होता. हनुवटी वर, ओठ घट्ट. बापाकडे बघत होता आणि बघायचंही नव्हतं त्याला.

लिसबेत नवऱ्याकडे वळून हसली. "अगं बाई! मी सूप खारट केलं की करता ना, अगदी तेच तोंड!"

"मी विचारतोय, हे कोण?"

"मोठा भाऊ," हिलेब्रांट म्हणाला. "दाखल्यातला."

"मला बाबा म्हणाले होते, साक्षीदार म्हणून उभा राहा. घरातलं कुणीतरी बाजूला उभं असेल, म्हणाले."

हिलेब्रांटने आपल्या रंगाच्या पेटीची कडी दोनदा उघडून लावली. "मला ते म्हणाले, मोठ्या भावाच्या जागी बारेंट. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

बारेंटची मुलगी डिवर, जिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, बापाच्या जवळ सरकली. बारेंटने तिच्याकडे पाहिलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "झालं ते झालं. आता त्या मधल्याला कोण बसतंय? नावाड्याला बोलवा. नाहीतर धुलाईच्या शेडमधला कुणीही गडी. पाठच तर दाखवायची आहे."

"लुबर्ट बसेल," माख्टेल्ड म्हणाली.

तिने ते ताकाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"आई."

"सकाळीच होडी पाठवलीय त्याच्यासाठी. जेवणाच्या वेळेला येईल."

बारेंटने हळूच खुर्चीची पाठ धरली. "आई, तो वाळीत टाकलेला आहे."

हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही ते मोठ्याने म्हटलं की खोलीत थंडी आल्यासारखं वाटे. तिचा धाकटा मुलगा लुबर्ट पूर्वेशी व्यापार करणाऱ्या कंपनीच्या जहाजावर नोकरीला गेला, आणि पूर्वेकडे वेंगुर्ल्याच्या वखारीच्या दारावर बंदूक घेऊन पहारा करू लागला. त्यांच्या मेनोनाइट पंथाच्या मंडळीत शस्त्राला हात लावायचा नसतो. बातमी आली आणि मंडळीने त्याला वाळीत टाकलं. तो ज्या टेबलावर जेवतो तिथे बसायचं नाही, त्याच्याशी व्यवहार करायचा नाही, त्याने सगळ्यांसमोर उभं राहून 'मी पाप केलं' म्हणेपर्यंत. तो परत आला तरी ते म्हणाला नव्हता. गेल्या शरदात एकदा घरी आला, तेव्हा येलिसने त्याचं ताट धुलाईच्या शेडमध्ये वाढायला लावलं होतं. लुबर्टने ताटाला हात लावला नाही. सलाम करून निघून गेला. बापलेकांची ती शेवटची भेट.

"मीसुद्धा मंडळीतलाच आहे, बाई," हिलेब्रांट अडखळत म्हणाला. "त्याच्याशी व्यवहार करणं मला..."

"व्यवहार तुमचा माझ्याशी आहे. तो नुसता बसणार. तुम्ही सफरचंदाचं चित्र काढता तेव्हा सफरचंदाशी व्यवहार करता का?"

डिवरच्या तोंडून हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवलं.

"आणि जेवायचं काय?" बारेंट म्हणाला. "होडीने येणारा माणूस उपाशी बसवणार आहेस?"

"नाही."

"दोन टेबलं लावू या!" लिसबेत मध्येच बोलली. तिला भांडण सहन होत नसे, आणि कुणाची बाजू घ्यायची हे ठरेपर्यंत ती दोन्ही बाजूंनी बोलत राहायची. "बोटभर अंतर ठेवायचं आणि वरून एकच लांब चादर घालायची. माझ्या मावशीकडे तसंच करतात. वरून एक, खालून दोन. कुणाचंच काही बिघडत नाही."

"देवाला फसवायची चादर माझ्या कुरणावर धुतली जात नाही, लिसबेत," माख्टेल्ड म्हणाली. "ससा चुलीवर आहे तो बघ."

लुबर्ट आला तो उंबऱ्यापाशीच थांबला. अंगावरचं पूर्वेचं ऊन उतरून पिवळट पडलेलं, टोपी दोन्ही हातांत. त्याची नजर आधी चित्रावर गेली. खूप वेळ तो बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा."

बारेंट खिडकीकडे तोंड करून उभा होता. "त्याला सांगा, चित्राचं काम असेल तर ते आटपून घे. जेवायच्या आधी होडी परत जाईल."

"दादा, मी इथेच आहे. मला ऐकू येतं."

"त्याला सांगा, मला माहीत आहे तो कुठे आहे ते."

"सांगते," माख्टेल्ड म्हणाली. "लुबर्ट, तुझ्या भावाला माहीत आहे तू कुठे आहेस ते. आता आत ये, वारा येतोय."

तिने टेबलावर आपल्या उजव्या बाजूला एक ताट ठेवलं. येलिस असताना ती जागा त्याची होती. ताट ठेवल्याचा आवाज बारेंटने पाठमोरा असूनही ओळखला, आणि तो वळला. आता तो चिडलेला नव्हता. तिला त्याची हीच गोष्ट आवडायची आणि हीच कठीण जायची: चीड संपली की तो फार नीट बोलायचा.

"आई, मी डीकन आहे, मंडळीचा कारभार बघतो. तू त्याच्याबरोबर जेवलीस तर मला येत्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून ते सांगावं लागेल. मग तेच तुझ्यावर येईल. डिवरच्या लग्नात तिची आजी दुसऱ्या खोलीत एकटी जेवेल."

"ठाऊक आहे मला."

"लग्न मोडेल कदाचित."

"माझं लग्न आजीच्या ताटावर अवलंबून असेल तर मोडू दे," डिवर म्हणाली.

"तू गप्प बस!" लिसबेत आणि बारेंट एकदमच म्हणाले. त्या सकाळी नवराबायकोचं एकमत झालं ते एवढंच.

"आणि ते सगळं सोड," बारेंट म्हणाला. "हे घर बाबांचं आहे. बाबांनी मरेपर्यंत याच्या ताटाला ताट लावलं नाही. त्यांना काय प्रेम नव्हतं? मी रोज बघत होतो. रात्री त्या शेडच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. पण त्यांनी शब्द पाळला. ते जाऊन वर्षही झालं नाही, आणि आपण तो मोडायचा? त्यांच्याच चित्रासमोर?"

माख्टेल्डने सगळ्याची तयारी केली होती, याची नव्हती. येलिसने शब्द पाळला हे खरं होतं. त्याच्या शेवटच्या आजारात तिने दोनदा लुबर्टचं नाव काढलं आणि दोनदा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या शेजारच्या ताटाकडे बघताना तिला पहिल्यांदाच ते ताट चोरल्यासारखं वाटलं.

"एक बोलू का," हिलेब्रांट म्हणाला.

"तुमचं काम पुरं करा आधी," बारेंट म्हणाला.

"तेच सांगतोय." तो पेटीवर बसला. "माझ्याकडे एक लाकडी पुतळा आहे. माणसाएवढा, सगळे सांधे वळतात. कपडे घालायचे आणि हवा तसा बसवायचा. दमत नाही, शिंकत नाही. मुलगा कोण ते ठरलं नव्हतं, म्हणून येलिसला मी त्या पुतळ्याला धरून उभं केलं. पहिले काही दिवस अगदी पोतं उचलल्यासारखा उभा राहायचा. मी सारखा म्हणायचो, जवळ घ्या, येलिस, जवळ. त्याला लाज वाटायची. मग एके दिवशी मी दगडावर रंग घोटत होतो, माझी पाठ होती त्याच्याकडे. आणि मला ऐकू आलं."

"काय?" माख्टेल्ड म्हणाली.

"'लुबर्ट, चल, हात धू. जेवण निवतंय.'"

लुबर्टच्या हातातली टोपी खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

"मी वळलो नाही," हिलेब्रांट म्हणाला. "वळलो असतो तर ते मी पाहिलं असतं, आणि पाहिलं असतं तर मंडळीत सांगावं लागलं असतं. थोड्या वेळाने येलिसने विचारलं, तुला काही ऐकू आलं का? मी म्हणालो, रंग घोटताना माझे कान बधिर होतात. त्यानंतर तो नीट उभा राहिला. हे हात त्या दिवसाचे आहेत. बघा तुम्ही. आधीचे सगळे मी पुसून टाकले."

सगळ्यांनी पाहिलं. एक हात पाठीवर सपाट होता, दुसरा मानेपाशी, बोटं किंचित आवळलेली, जेवायला ओढून नेताना पोराच्या मानेवर ठेवावा तसा. हा हात माख्टेल्डच्या ओळखीचा होता. दोन्ही मुलं लहान असताना कुरणावरून घरी येताना रोजचा.

तिला आधी राग आला. एका उशीवर इतकी वर्षं काढली आणि हे त्याने लाकडाला सांगितलं! मग रागाच्या खालून दुसरंच काही वर आलं, आणि तिचा आवाज पुन्हा तिचा झाला.

"ऐकलंस, बारेंट?"

"लाकडाला म्हणाले ते," बारेंट म्हणाला. "लाकडाला कुणी वाळीत टाकलेलं नाही."

"माणूस समोर येऊ दिला नाही आपण, म्हणून लाकडाला म्हणाले." तिने खुर्ची मागे ओढली. "लुबर्ट, हात धू."

"आई, आधीच सांगतो. मी पाप केलं असं मी म्हणणार नाही. मी दारावर उभा राहिलो आणि आत माणसं झोपली. मी कुणावर गोळी झाडली नाही. खोटं बोलून मला आत यायचं नाही."

"तुला कुणी विचारलंय?" माख्टेल्ड म्हणाली. "हात धू म्हटलं मी."

त्यांच्याकडे जेवणापूर्वीची प्रार्थना मनातच होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण तेवढं हलत होतं. माख्टेल्डने डोळे उघडले तेव्हा बारेंटची खुर्ची रिकामी होती.

लिसबेतने आपलं ताट उचललं, स्टूल टेबलापासून हातभर मागे ओढलं आणि ताट मांडीवर घेतलं. आपण टेबलावर आहोत की नाही हे कुणी विचारलं तर तिला दोन्ही उत्तरं देता आली असती. हिलेब्रांट चित्राकडे तोंड करून उभ्यानेच भाकरीचा तुकडा चावू लागला. डिवर जागची हलली नाही. तिने वाटाणे वाढून घेतले, चाखले, आणि आईकडे न बघता हात लांब केला.

"लुबर्टकाका, मीठ द्या ना जरा."

लुबर्टने मीठ दिलं. माख्टेल्डने सशाच्या मांडीचा तुकडा त्याच्या ताटात घातला, त्याच ताटातला एक घास स्वतः मोडून खाल्ला, सगळ्यांना दिसेल असा, आणि उठली.

"आई, तू कुठे?"

"तू जेव. मला अजून एकाला बोलवायचंय."

बाहेर कुरणावर बारेंट लांब दांड्याच्या पळीने पसरलेल्या कापडावर कालव्याचं पाणी उडवत होता. कापड आधीच इतकं भिजलेलं होतं की पाणी त्यावर तळ्यासारखं साचलं होतं. ती जवळ आली तरी तो थांबला नाही.

"त्याच्यासाठी तू होडी पाठवलीस," तो म्हणाला. "माझ्यासाठी पाठवलीस कधी?"

"तू कुठे गेलास कधी, म्हणून पाठवायची?"

"तेच म्हणतोय मी!" त्याने पळी गवतावर आपटली. "मी कुठेच गेलो नाही. हिवाळ्यात पाट गोठला की मी कुऱ्हाडीने फोडतो. ताक उतू गेलं की मला उठवतात. आणि बाबांनी मला काय बनवलं? दारात टांगून ठेवलं, तोंड वाकडं करून! आपण सगळे मेल्यावर लोक येतील त्या खोलीत. लुबर्टला कुणी काही म्हणणार नाही. म्हणतील, हा बघा, हाच तो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपला पांढरे व्हायला लागलेल्या केसांचा मुलगा बघून माख्टेल्डला तो पाच वर्षांचा असताना भाकरीचं टोक लुबर्टला दिलं म्हणून रडला होता ते आठवलं, आणि तेव्हा आपण हसलो होतो तेही.

"दाखला पाठ आहे ना तुला?" ती म्हणाली. "मग सांग, त्यात बाप किती वेळा घराबाहेर येतो?"

बारेंटने बाहीने डोळे पुसले.

"धाकट्यासाठी धावत येतो, ते सगळ्यांना आठवतं. चित्रकारही तेवढंच काढतात. पण थोरला बाहेर रुसून उभा राहतो, तेव्हा बाप पाहुणे टाकून पुन्हा बाहेर येतो. त्याची समजूत घालायला. तुझे बाबा एकदा आले, तेही लाकडाकडे. दुसऱ्यांदा यायच्या आधी गेले. म्हणून मी आलेय."

वाऱ्याने कापडाच्या कडा हलल्या. बारेंट म्हणाला, "मी जेवणार नाही, आई."

"बरं."

"आणि रविवारी मी उठून सांगणार. जे झालं ते."

"सांग. खरं ते सांग. लपवाछपवी करायला मी तुला वाढवलं नाही."

"मग तुला..."

"मग मी लुबर्टबरोबर दुसऱ्या टेबलावर जेवेन. घरात दुसरं टेबल आहे ना? नसेल तर कर एक, सुतार काही महाग नाही."

त्याला हसू आलं. त्याने ते आवरलं, पण तिने पाहिलं.

घराच्या दारातून हिलेब्रांट हाका मारत होता. "बाई! उजेड चाललाय! आणि हा माणूस पुतळ्यासारखा ताठ बसत नाही, वाकतो! खांदा खाली गेला, हात अधांतरी राहिले. कुणीतरी येलिसच्या जागी उभं राहायला हवं, म्हणजे हाताची सावली कुठे पडते ते मला दिसेल. गड्यांमध्ये तेवढा उंच कुणी आहे का?"

माख्टेल्डने बारेंटकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात येलिसएवढा उंच एकच जण होता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

बारेंटने पळी उचलून कुंपणाला टेकवली. "वाळीत टाकलेल्याबरोबर जेवायचं नाही," तो स्वतःशीच मोजल्यासारखं म्हणाला. "व्यवहार करायचा नाही. उभं राहण्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलेलं," माख्टेल्ड म्हणाली.

आत लुबर्ट खिडकीसमोर गुडघ्यांवर बसला होता. टेबलावर त्याचं ताट रिकामं होतं. बारेंट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि चित्राकडे बघून बापासारखा वाकला. एक हात पाठीवर ठेवला. दुसरा मानेपाशी नेला आणि तिथे तो थोडा वेळ हवेतच राहिला.

"जवळ," हिलेब्रांट म्हणाला. "अजून जवळ घ्या."

हात टेकला. लुबर्ट दचकला.

"हलू नकोस," बारेंट म्हणाला.

"दादा, तुझे हात किती गार आहेत रे."

"बाहेर होतो," बारेंट म्हणाला.